नफ्याचा हिशेब

अमेरिकेतली मतपत्रिका चांगलीच लांबलचक असते. वर गव्हर्नर, सिनेटर अशी वजनदार पदे. मग न्यायाधीश, शेरीफ, सरकारी वकील, मालमत्तेचे मूल्य ठरवणारा अधिकारी, लेखापाल, आणि तळाशी कुठेतरी खजिनदार. तिथवर पोचेपर्यंत मतदार कंटाळलेला असतो. बहुतेक वेळा तिथे वर्षानुवर्षे पाहिलेले एखादे नाव असते आणि हात सवयीने त्याच नावाकडे जातो.

७ जून १९९४ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत या तळाच्या ओळीसाठी कधी नव्हे ती लढत झाली. एका बाजूला रॉबर्ट सिट्रन, वय एकोणसत्तर, जवळजवळ पाव शतक काउंटीच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारे. दुसऱ्या बाजूला कोस्टा मेसा गावचे जॉन मूरलाक, वय अडतीस, पेशाने हिशेबतपासनीस. मूरलाक यांचा मुद्दा एकच होता: खजिनदार लोकांच्या पैशावर जुगार खेळत आहेत आणि डाव उलटायला लागला आहे. निवडणुकीच्या आठवडाभर आधी, ३१ मे रोजी, त्यांनी काउंटीच्या कारभारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवले की तोटा एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला असावा.

मतदारांनी सिट्रन यांनाच निवडून दिले. दर पाचांतल्या सुमारे तिघांनी. त्या मतदानाला सहा महिने पुरे व्हायला एक दिवस उरला असताना, ६ डिसेंबर १९९४ रोजी, ऑरेंज काउंटीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतल्या कोणत्याही स्थानिक सरकारचे एवढे मोठे दिवाळे तोवर निघाले नव्हते. तेही एखाद्या ओसाड पडलेल्या कारखानी गावाचे नाही. डिस्नेलँड जिथे आहे, रिचर्ड निक्सन जिथे जन्मले, त्या चोवीस लाख वस्तीच्या सुखवस्तू काउंटीचे.

सरकारी पैशाच्या गैरकारभाराची कथा आपण एका ठरावीक चालीवर ऐकत आलो आहोत. कोणी तरी पैसे खातो, कागद दडवतो, मग एखादा शूर माणूस ते कागद उजेडात आणतो. ऑरेंज काउंटीची कथा या चालीवर बसत नाही. सिट्रन यांनी स्वतःच्या खिशात एक डॉलरही घातला नाही. मूरलाक यांना जे दिसले ते बहुतांशी सार्वजनिक कागदांत होते. इशारा वर्तमानपत्रांत छापून आला होता आणि निवडणूक नेमकी त्याच मुद्द्यावर लढली गेली होती. तरी व्हायचे ते झालेच. कारण तोट्याचा हिशेब सगळे मागतात. नफ्याचा कोणी मागत नाही.

खजिनदारालाही मत द्यायचे

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात अठ्ठावन्न. तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, गरिबांना मिळणारी मदत, मालमत्तेच्या नोंदी, निवडणुका घेणे, गावांच्या हद्दीबाहेरचे रस्ते ही काउंटीची कामे. म्हणजे आपल्याकडे कलेक्टर कचेरी आणि जिल्हा परिषद मिळून जे करतात त्यातले बरेचसे.

फरक आहे तो माणसे येतात कुठून यात. आपला कलेक्टर वरून नेमलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक काउंट्यांत पाच सुपरवायझर लोकांनी निवडलेले असतात. नियम करणारेही तेच आणि कारभार पाहणारेही तेच. त्यांच्या शेजारी शेरीफ, सरकारी वकील, लेखापाल, खजिनदार हेही स्वतंत्रपणे निवडून आलेले. सिट्रन यांच्या पदाचे पूर्ण नाव होते ‘खजिनदार आणि टॅक्स कलेक्टर’. या रचनेमागचा विचार साधा: तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, तो कोणाचा नोकर नसावा, थेट लोकांना जबाबदार असावा. पण त्याची दुसरी बाजू अशी की सुपरवायझर त्याला काढू शकत नाहीत. तो बरा चालला आहे तोवर त्याला विचारण्याची गरजही त्यांना वाटत नाही. लोकांना जबाबदार म्हणजे पुष्कळदा कोणालाच जबाबदार नाही.

सिट्रन १९७० मध्ये पहिल्यांदा निवडून आले. पक्क्या रिपब्लिकन वळणाची ही काउंटी. तिथे हा डेमोक्रॅट माणूस निवडणुकीमागून निवडणूक जिंकत राहिला. भडक टाय, पिरोजाचे दागिने, आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे इतके वेड की गाडीचा भोंगासुद्धा त्या विद्यापीठाच्या गाण्यावर वाजे. पदवी मात्र त्यांनी तिथून पुरी केली नव्हती. राहणी साधी, चैन नाही, लाच नाही. गावाला असा माणूस आपला वाटतो.

कर नको, सोयी हव्यात

त्यांच्या हातून काय झाले हे कळायला सोळा वर्षे मागे जावे लागते. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ नावाचा प्रस्ताव मंजूर केला. मालमत्ता कर घराच्या मूल्याच्या एक टक्क्याहून जास्त लावायचा नाही, आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही. घरांचे भाव गगनाला भिडले होते आणि वाढत्या कराने म्हातारी माणसे हैराण झाली होती, तेव्हा हा राग समजण्यासारखा होता. पण मालमत्ता कर हा काउंटीचा मुख्य आधार. तो एका फटक्यात आक्रसला.

पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मंदी आली. राज्याची तिजोरी खडखडाट करू लागली, तेव्हा राज्याने काउंट्यांच्या वाट्याच्या मालमत्ता करातला मोठा तुकडा शाळांकडे वळवला. काउंटीपुढे आता दोनच रस्ते होते. एक, वाचनालयांचे तास, दवाखाने, पोलीस यांत काटछाट करायची. दुसरा, मतदारांकडे नवा कर मागायचा. पहिला रस्ता अप्रिय, दुसरा ऑरेंज काउंटीत जवळजवळ अशक्य. अमेरिकेतल्या करविरोधी राजकारणाचे हे माहेरघर.

अशा वेळी सिट्रन यांनी तिसरा रस्ता दाखवला. त्यांच्या हाताखाली काउंटीची एक सामाईक गंगाजळी होती. तिच्यात काउंटीचा पैसा होताच, शिवाय गावे, शाळामंडळे, पाणीपुरवठा संस्था, वाहतूक प्राधिकरण अशा सुमारे १९० सार्वजनिक संस्थांनी आपली शिल्लक ठेवलेली होती. राज्याची अशीच गंगाजळी जेवढे व्याज देई, त्याहून सिट्रन यांची कितीतरी जास्त देई. त्या जादा व्याजाने अंदाजपत्रकातली भोके बुजत. कर वाढवायला नको, काटछाट करायला नको. एका सुपरवायझरचे तेव्हाचे उद्गार छापून आलेले आहेत. त्यांचा आशय असा की हा माणूस हे कसे जमवतो ते मला कळत नाही, पण त्याच्यामुळे आम्ही सगळे चांगले दिसतो. आपल्याकडे यासाठी म्हण आहे: दुभत्या गाईच्या लाथा गोड. इथे तर गाय लाथाही मारत नव्हती.

मोह इतका वाढला की काही शाळामंडळांनी चक्क कर्ज काढून पैसा उभा केला आणि तो सिट्रन यांच्या गंगाजळीत ठेवला. स्वस्तात घ्यायचा, महागात गुंतवायचा, मधला फरक मुलांच्या शाळेला. यात गैर काय, असे कोणालाही वाटावे.

तारणावर तारण

या जादा व्याजामागची युक्ती समजायला अर्थशास्त्र लागत नाही. सोने तारण ठेवण्याचा व्यवहार माहीत असला की पुरे.

समजा तुमच्याकडे दहा तोळे सोने आहे. ते पेढीवर तारण ठेवून तुम्ही कर्ज काढले आणि त्या पैशातून आणखी सोने घेतले. ते नवे सोने पुन्हा तारण ठेवले, पुन्हा कर्ज काढले, पुन्हा सोने घेतले. असे करत करत दहा तोळ्यांच्या जिवावर तुमच्या नावे सत्तावीस तोळे झाले. भाव चढले तर कमाई दहाची नाही, सत्तावीसची. भाव उतरले तर नुकसानही सत्तावीसचेच, आणि ते सोसायचे मात्र तुमच्या मूळच्या दहा तोळ्यांतून. वर पेढीवाला निरोप धाडणार: तारण कमी पडते आहे, आणखी आणून ठेवा.

सिट्रन यांनी सोन्याच्या जागी सरकारी आणि निमसरकारी रोखे घेतले होते. लोकांचे साडेसात अब्ज डॉलर, त्यांवर कर्जाचा थर चढवून केलेली एकूण गुंतवणूक वीस अब्जांहून अधिक. रोखे गहाण ठेवून कर्ज काढण्याच्या या व्यवहाराला तिथे ‘रिव्हर्स रेपो’ म्हणतात. अशा व्यवहारांना स्थानिक खजिनदारांसाठी परवानगी देणारा कायदा राज्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीस झाला आणि त्यासाठी खटपट करणाऱ्यांत स्वतः सिट्रन होते. म्हणजे कर्ज काढणे बेकायदा नव्हते.

आता रोख्यांचा भाव कशाने पडतो? पाच टक्के व्याजाचा पाच वर्षांचा रोखा तुमच्या हातात आहे, आणि उद्या बाजारात आठ टक्क्यांचा नवा रोखा आला, तर तुमचा जुना कागद पूर्ण किमतीला कोण घेईल? व्याजदर चढला की जुन्या रोख्याचा भाव उतरतो. मुदत जितकी लांब तितका जास्त उतरतो. सिट्रन यांच्याकडचे बरेच रोखे त्याहूनही नाजूक होते: बाजारातला दर वर गेला की त्यांचे व्याज खाली जाई. दर उतरत असताना हे कागद सोन्याची अंडी देणारी कोंबडी ठरले. दर चढले तर एकाच वेळी तीन फटके बसणार होते: रोख्याचा भाव पडणार, त्याचे व्याज घटणार आणि काढलेल्या कर्जाचे व्याज वाढणार.

थोडक्यात, सगळी भिस्त एका अंदाजावर होती: व्याजदर चढणार नाहीत. हा अंदाज खजिनदार कशाच्या आधारे बांधत? नंतर ग्रँड ज्युरी या नागरिकांच्या चौकशी मंडळापुढच्या साक्षींतून बाहेर आले की सिट्रन टपालाने सल्ला देणाऱ्या एका ज्योतिषाचाही आधार घेत असत. पत्रिका पाहून मुहूर्त काढणाऱ्यांना आपण हसतो. इथे संगणकयुगातल्या कॅलिफोर्नियात साडेसात अब्ज डॉलरची कुंडली मांडली जात होती.

४ फेब्रुवारी १९९४ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर तीन टक्क्यांवरून सव्वातीनवर नेला. मग मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, मेमध्ये, ऑगस्टमध्ये, आणि १५ नोव्हेंबरला थेट साडेपाचवर. दहा महिन्यांत सहा वेळा. ऑरेंज काउंटीतल्याच विद्यापीठात शिकवणारे अर्थतज्ज्ञ फिलिप जोरियन यांनी नंतर या नुकसानीचा हिशेब अगदी सोपा करून मांडला. दर एक टक्का चढला की गंगाजळीतल्या सरासरी रोख्याचा भाव पावणेतीन टक्क्यांच्या आसपास उतरे. कर्जाच्या थरामुळे तो आकडा २.७ पट होऊन सुमारे ७.४ टक्के झाला. बाजारातले दर सुमारे तीन टक्क्यांनी चढले तर नुकसान बावीस टक्के. साडेसात अब्जांचे बावीस टक्के म्हणजे १.६५ अब्ज. प्रत्यक्षात शेवटी तोटा निघाला सुमारे १.६४ अब्ज डॉलरचा.

शाळेच्या फळ्यावर करता यावा असा हा गुणाकार आहे. तो करायला कोणी बसले असते तर.

उघडे कागद, मिटलेले डोळे

एक माणूस बसला होता. मूरलाक यांचा युक्तिवाद गुंतवणुकीच्या तज्ज्ञाचा नव्हता, हिशेबनीसाचा होता. बाजारात सगळ्यांना चार-साडेचार टक्के मिळत असताना एकाच माणसाला साडेसातच्या पुढे मिळतात, तर त्याने कुठे तरी धोका पत्करलेला असणार. तो धोका कोणता, एवढेच त्यांनी विचारले. दुसरा प्रश्न नोंदीचा होता. गंगाजळीच्या वहीत रोखे खरेदीच्या किमतीने लिहिलेले असत. आज विकायला काढले तर काय येईल, हा आकडा वहीत नव्हताच. त्यामुळे भाव पडला तरी वही गुबगुबीतच दिसे.

यावर मिळालेली उत्तरे ऐकण्यासारखी आहेत, कारण ती सगळीकडे तशीच मिळतात. पहिले उत्तर: हे राजकारण आहे, निवडणूक तोंडावर आली म्हणून आरोप. दुसरे: आम्ही रोखे मुदतीपर्यंत ठेवणार, मग आजच्या भावाशी काय देणेघेणे? (रोखे स्वतःच्या पैशाचे असते तर हे उत्तर खरे होते. पण तारणावर कर्ज देणारा तुमच्या मुदतीसाठी थांबत नसतो.) तिसरे उत्तर सगळ्यांत परिणामकारक: असे जाहीरपणे बोलून तुम्ही काउंटीची पत घालवत आहात. म्हणजे घराला आग लागली आहे असे ओरडणाऱ्यालाच घराची बदनामी करणारा ठरवायचे.

कॅलिफोर्नियात पारदर्शकतेचे कायदे नव्हते असे मुळीच नाही. ‘ब्राउन कायदा’ १९५३ सालचा. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या वृत्तपत्राने स्थानिक मंडळांच्या बंद दाराआडच्या बैठकांवर लेखमाला छापली, त्यातून तो आला. मंडळाची बैठक खुली हवी, विषयपत्रिका बहात्तर तास आधी लावली पाहिजे, आणि कोणाही नागरिकाला उठून बोलता आले पाहिजे असे तो सांगतो. सरकारी कागद मागण्याचा हक्क देणारा राज्याचा कायदा १९६८चा. आपल्याकडे केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला, हे लक्षात घेतले तर ऑरेंज काउंटीचा मतदार आपल्यापेक्षा कितीतरी पुढे होता.

पण खुल्या बैठकीतही दार लावून घेण्याची एक रीत असते. विषयपत्रिकेत किरकोळ बाबींची एक यादी असते आणि ती एका ठरावाने, विनाचर्चा मंजूर होते. रोजच्या कामासाठी ही सोय गरजेचीच आहे. मात्र अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, जानेवारी १९९६ मध्ये सुपरवायझरांच्या वागणुकीवर अहवाल दिला, तेव्हा दिसले की कोट्यवधी डॉलरच्या कर्जरोख्यांची प्रकरणे याच यादीतून सुटली होती. निवडणुकीनंतर महिनाभरातच, जुलै १९९४ मध्ये, काउंटीने ६० कोटी डॉलर कर्ज उभे केले आणि गंगाजळीत ओतले. ते देणाऱ्या गुंतवणूकदारांना गंगाजळीची खरी अवस्था सांगितली गेली नव्हती. अहवालाचे म्हणणे असे की निवडून आलेला माणूस ‘आम्ही तज्ज्ञांवर सोपवले होते’ म्हणून सुटू शकत नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते सहीच्या कागदात नाही हे दिसत असताना त्याने विचारायला हवे.

इथे एक योगायोग मला फार बोलका वाटतो. ऑरेंज काउंटीने १ डिसेंबर १९९४ रोजी दीड अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, २ डिसेंबरला, राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. रोजगाराच्या कामांची बिले आणि हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली गेली. हाती आलेले कागद थोडे, तेही मुश्किलीने मिळालेले, आणि ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. पण नाव वाचले की लोकांना कळे, हा तर कामावर कधी नव्हताच. याच चळवळीतून पुढे आपल्या माहिती अधिकाराची वाट निघाली. एकीकडे कागद कुलपात, पण वाचून दाखवले की सगळ्यांना समजणारे. दुसरीकडे कागद कपाटाबाहेर, शिकलेसवरलेले मतदार, पण ते कागद अशा भाषेत की सुपरवायझरांनाही कळू नयेत. कोट किरान्याला हक्क हवा होता. ऑरेंज काउंटीत हक्क होता; हवा होता मोठ्याने वाचून दाखवणारा. आणि तो मिळाला तेव्हा त्याला मते कमी पडली.

दडवलेला नफा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळे भराभर घडले. ४ तारखेला सिट्रन यांनी राजीनामा दिला. ६ तारखेला कर्ज देणाऱ्या एका बड्या संस्थेने मुदत वाढवून द्यायला नकार दिला आणि काउंटी न्यायालयात गेली. इतर पेढ्यांनी गहाण रोखे विकायला काढले. उरलेली गुंतवणूकही काउंटीने पुढच्या काही आठवड्यांत मोडून टाकली. पुढे १९९५ मध्ये व्याजदर पुन्हा उतरले, तेव्हा नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ मर्टन मिलर यांच्यासारख्यांनी म्हटले की घाई केली नसती तर दिवाळे काढण्याची वेळच आली नसती. असेलही. पण ‘थांबलो असतो तर सुटलो असतो’ हा युक्तिवाद जुगाराच्या अड्ड्यावर रोज ऐकू येतो, आणि शाळेचे पगार व्याजदर उतरायची वाट पाहत नाहीत.

एप्रिल १९९५ मध्ये सिट्रन यांनी सहा गुन्हे कबूल केले. त्यांतला एक प्रकार मला या सगळ्या कथेचे सार वाटतो. गंगाजळीला इतके व्याज सुटत होते की ते जसेच्या तसे वाटले तर संस्थांना संशय आला असता: इतके कसे? म्हणून इतरांच्या वाट्याचे कित्येक कोटी डॉलर व्याज काउंटीच्या खात्यात वळवून ठेवले गेले. चोर चोरी दडवतो हे आपण जाणतो. इथे नफा दडवावा लागला. लोकांनी नफ्यालाही प्रश्न विचारले पाहिजेत, हे एका माणसाला पुरते ठाऊक होते, आणि तो स्वतः खजिनदार होता.

शिक्षा झाली एक वर्षाची आणि एक लाख डॉलर दंडाची. तीही अशी की दिवसा तुरुंगाच्या कोठारात कैद्यांच्या साबण-पेस्टच्या मागण्यांचा हिशेब करायचा आणि रात्री घरी जायचे. २०१३ मध्ये ते वारले. काउंटीला रोखे विकणाऱ्या मेरिल लिंच या कंपनीने चूक कबूल केली नाही. मात्र १९९८ मध्ये चाळीस कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

आणि मतदार? २७ जून १९९५ रोजी त्यांच्यापुढे ‘मेझर आर’ नावाचा प्रस्ताव आला. विक्रीकर दहा वर्षांसाठी अर्ध्या टक्क्याने वाढवू, त्यातून देणी फेडू. राज्य मदत करणार नव्हते, पैसेवाले आणि उद्योगपती हा कर द्या म्हणून सांगत होते. मतदारांनी तो साफ फेटाळला. यावेळीही दर पाचांतल्या सुमारे तिघांनी. वर्षभरापूर्वी सिट्रन यांना जेवढा कौल मिळाला, जवळपास तेवढाच.

या नकाराकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. सभांत बोलणारे कित्येक जण म्हणत होते, घोटाळा तुम्ही केला, भुर्दंड आम्ही का सोसायचा? आधी तुमचा वाढीव कारभार आवरा. त्यात तथ्य होते. पण पंधरा वर्षे कराशिवाय सोयी मिळत होत्या, तेव्हा त्या कुठून येतात हे यांच्यापैकी कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. आडात नाही ते पोहऱ्यात येत होते आणि सगळ्यांची तहान भागत होती. शेवटी किंमत चुकवली ती ज्यांना मतांची ताकद नाही त्यांनी. शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, गरिबांच्या सेवा आटल्या, रस्ते आणि वाहतुकीचा पैसा देणेकऱ्यांकडे वळला. जून १९९६ मध्ये काउंटी नव्या कर्जरोख्यांच्या आधाराने दिवाळखोरीतून बाहेर पडली. त्या कर्जाचे हप्ते पुढे वीस वर्षांहून अधिक काळ चालू राहिले.

कंटाळवाणा खजिनदार

मार्च १९९५ मध्ये सुपरवायझरांनी रिकाम्या खजिनदारपदावर नेमणूक केली ती जॉन मूरलाक यांची. वरातीमागून घोडे आले खरे, पण आले. राज्याने कायदे बदलले. सार्वजनिक पैसा गुंतवताना क्रम कोणता हे आता अक्षरात लिहिलेले आहे: आधी सुरक्षितता, मग हवा तेव्हा पैसा हाताशी असणे, आणि सर्वांत शेवटी परतावा. तारणावर कर्ज काढून गुंतवण्याला गंगाजळीच्या वीस टक्क्यांची मर्यादा घातली. रोख्यांचा आजचा बाजारभाव सांगणारे अहवाल ठरावीक काळाने सादर होऊ लागले. काउंटीच्या तिजोरीवर नजर ठेवणाऱ्या समित्या आल्या आणि त्यांत शाळांचे प्रतिनिधीही बसू लागले.

मूरलाक जवळजवळ बारा वर्षे खजिनदार होते, नंतर सुपरवायझर आणि राज्याचे सिनेटर झाले. त्यांच्या खजिनदारीच्या वर्षांत ऑरेंज काउंटीच्या गंगाजळीने राज्यात अव्वल परतावा दिला अशी बातमी झाली नाही. खजिनदाराच्या बाबतीत यापेक्षा चांगली बातमी नसते.

काउंटीच्या निवडणुकीत वाद अजूनही होतात: वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे, शेरीफला किती गाड्या द्यायच्या, नव्या इमारतीवर एवढा खर्च का. हे वाद आवश्यकच आहेत. खर्चाला प्रश्न विचारणारा नागरिक कुठेही मिळतो. पण मतपत्रिकेच्या तळाशी, खजिनदाराच्या नावापुढे, एक वेगळा प्रश्न बसलेला असतो, आणि तो १९९४ च्या जूनमध्ये एका हिशेबनीसाने विचारून ठेवलेला आहे. शेजाऱ्याला चार मिळत असताना आपल्याला साडेसात कसे मिळतात?